पोटातलं तूप मानेपर्यंत का चढतं?

मार्गशीर्षातली अमावास्या आली की कलबुरगी जिल्ह्यातल्या अफजलपूरच्या परिसरात घरं ओस पडतात आणि शेतं गजबजतात. कुणी या दिवसाला येळ्ळ अमावास्या म्हणतं, कुणी वेळा अमावास्या, आणि घाईतला माणूस नुसतं ‘येळवस’ म्हणून मोकळा होतो. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप उभी राहते, पूजा होते, आणि मग लहानथोर सगळ्यांचं लक्ष लागतं ते जेवणाकडे. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि शेंगापोळी! शेंगदाण्याच्या वजनातलं जवळपास निम्मं तर तेलच असतं. तेवढ्याने भागत नाही म्हणून आजी पोळीवर वरून तुपाची धार सोडते. “पुरे, पुरे” म्हटलं की आणखी एक धार!

खाल्लीत पोळी? एक? दोन? की मोजायचंच नाही असं ठरलंय? बरं, हात धुऊन घ्या आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. ते तूप आता जाणार कुठे?

“पोटात!”

हो, पण पोटातून पुढे?

“रक्तात!”

शाब्बास. पण कुठल्या वाटेने?

इथे भले भले गप्प बसतात. पोळीतल्या पिठाची आणि गुळाची साखर आतड्यातून सरळ तिथल्या रक्तवाहिन्यांत शिरते. भज्जीतल्या कडधान्यांमधली प्रथिनंही सुटी होऊन त्याच वाटेने जातात. तूप आणि शेंगदाण्याचं तेल मात्र बहुतेक सगळं वेगळी वाट धरतं. ते पोटातून वर चढतं, छातीतून पुढे सरकतं, मानेच्या तळाशी पोहोचतं आणि मग तिथे रक्तात उतरतं. तेही डाव्या बाजूला!

“म्हणजे गिळलेला घास परत गळ्याशी? मग गिळला कशाला?”

प्रश्न रास्त आहे. चला, या तुपाच्या मागावर निघू.

तेलापाण्याचं वाकडं

तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. आमटीवरचा तवंग तुम्ही रोज बघता. आपल्या पोटातही हीच अडचण होते. जठरातला रस पाणीदार, आतड्यातला रस पाणीदार, रक्तातही मुख्यतः पाणीच. अन्न तोडणारी जी पाचक द्रव्यं असतात, म्हणजे विकरं, ती या पाण्यात असतात आणि तूप आपला वेगळा थेंब करून बसतं. विकराला थेंबाच्या आत शिरता येत नाही. फक्त बाहेरून, थेंबाच्या पृष्ठभागावर, त्याला काम करता येतं. मोठा थेंब म्हणजे आत भरपूर तूप आणि बाहेर काम करायला जागा थोडी.

जठर अन्न घुसळून थोडी सुरुवात करून देतं. खरं काम पुढे, लहान आतड्यात होतं. जठरातून तुपाचा पहिला हप्ता लहान आतड्याच्या सुरुवातीला आला रे आला की तिथल्या पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात. नाव लांबलचक आहे: कोलेसिस्टोकायनिन. हे संप्रेरक पित्ताशयाला आखडायला लावतं, म्हणजे साठवलेलं पित्त आतड्यात येतं. स्वादुपिंडाला पाचक रस सोडायला लावतं. आणि जठराचा वेग कमी करतं: जरा दमाने, इथे तुपाचं काम चाललंय! येळवसेच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत भूक का लागत नाही, त्याचं बरंचसं कारण हे आहे.

आता पित्ताची करामत बघा. मोठ्या माणसाचं यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लीटर पित्त तयार करतं. या हिरवट-पिवळ्या पित्तात तूप तोडणारं एकही विकर नसतं. त्यात पित्तक्षार असतात. पित्तक्षाराच्या रेणूची एक बाजू पाण्याला धरून राहते, दुसरी तेलाला. आतडं अन्न ढवळत असतं. त्यात तुपाचा मोठा थेंब फुटतो, त्याचे बारीक थेंब होतात, आणि पित्तक्षार त्या प्रत्येक बारीक थेंबाभोवती उभे राहतात. मग ते थेंब पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत.

करून पाहा

हे डोळ्यांनी बघायचंय? एक झाकणाची पारदर्शक बाटली घ्या. तिच्यात अर्धी बाटली पाणी आणि दोन चमचे करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल घाला. झाकण घट्ट लावा आणि जोरजोरात हलवा. पाणी गढूळ दिसेल. आता बाटली टेबलावर ठेवा. थोड्याच वेळात तेलाचे थेंब वर येऊन एकमेकांना मिळतील आणि वर तेल, खाली पाणी अशी वाटणी होईल.

आता बाटलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी घाला. रिठ्याचं पाणी असेल तर तेही चालेल. पुन्हा हलवा, पुन्हा ठेवा. या वेळी पाणी बराच वेळ पांढुरकंच राहील. तेल कुठे गेलं? गेलं कुठेच नाही, बारीक बारीक थेंब होऊन पाण्यात पसरलं. पित्तक्षार आतड्यात हेच काम करतात. (बाटलीतलं पाणी पिऊ नका, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगितलं!)

याचा फायदा किती, त्याचा हिशेब करून बघा. एक मिलीमीटर व्यासाचा तेलाचा एक थेंब घ्या. त्याचे एक मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, थेंब केले तर किती होतील? शंभर कोटी! तेल तेवढंच, पण सगळ्या थेंबांचा मिळून पृष्ठभाग हजारपट. विकराला आता काम करायला हजारपट जागा मिळाली.

आणि पित्तक्षार काटकसरीने वापरले जातात बरं का. काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतले जवळपास ९५ टक्के परत शोषून घेतले जातात, यकृताकडे जातात आणि पुन्हा पित्तात येतात. दिवसातून सहा-आठ वेळा तेच ते पित्तक्षार पुन्हा कामाला!

तोडलं आणि परत जोडलं

स्वादुपिंडातून आलेल्या विकराचं नाव लायपेज. तुपाच्या एका रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. लायपेज त्यांतल्या दोन कडेच्या साखळ्या तोडतं. हे तुटलेले तुकडे आणि पित्तक्षार मिळून फारच चिमुकले पुंजके तयार होतात, फक्त काही नॅनोमीटरचे. एका मिलीमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एवढे बारीक झाल्यावर हे तुकडे आतड्याच्या भिंतीपाशी सहज पोहोचतात.

ती भिंतही साधी नाही. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. त्याच्या आतून वळ्या असतात. वळ्यांवर अर्धा ते एक मिलीमीटर उंचीचे असंख्य कोंब असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. रसांकुराच्या प्रत्येक पेशीवर त्याहूनही बारीक कोंब. या सगळ्या घड्या उलगडून पसरल्या तर सुमारे ३० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे दहा फूट बाय दहा फुटांच्या तीन खोल्यांची जमीन. आणि हे सगळं तुमच्या शर्टाच्या आत घडी घालून ठेवलेलं!

तुटलेले तुकडे रसांकुराच्या पेशीत शिरतात. आणि आत गेल्यावर पेशी काय करते, ठाऊक आहे? ते तुकडे परत जोडते!

“अरे! मग तोडलं कशाला?”

कारण अख्खा रेणू पेशीच्या आवरणातून आत येऊच शकत नव्हता. आणि आत आल्यावर सुटी मेदाम्लं तशीच मोकळी फिरू देणं पेशीला परवडत नाही. ती साबणासारखी वागतात आणि पेशीचंच नुकसान करतात. म्हणून पेशी त्यांचे पुन्हा मेदाचे रेणू बनवते, हजारो रेणू एकत्र आणते आणि त्यांच्याभोवती पाण्याशी जमवून घेणारं पातळ आवरण चढवते. त्या आवरणात खास प्रथिनं असतात. अशा तयार गोळीला कायलोमायक्रॉन म्हणतात. आता हे तूप पाण्यातूनही प्रवास करू शकतं.

गल्ली आणि बायपास

आता रसांकुराच्या आत डोकावू. त्याच्या आत केशवाहिन्यांचं, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांचं, जाळं असतं. आणि अगदी मधोमध एक नळी उभी असते. तिचं वरचं टोक बंद असतं आणि खालचं टोक मोठ्या नळ्यांना जोडलेलं. हिला लॅक्टिअल म्हणतात. ही रक्तवाहिनी नाही, लसीकावाहिनी आहे. शरीरात पेशींच्या आजूबाजूला जो पाणीदार द्रव झिरपत राहतो, तो गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांचं एक वेगळंच जाळं आपल्या अंगभर पसरलेलं असतं. त्या द्रवाला लसीका म्हणतात आणि त्या नळ्यांना लसीकावाहिन्या. लॅक्टिअल हे त्या जाळ्याचं आतड्यातलं टोक.

केशवाहिन्यांच्या भिंतीला बारीक खिडक्या असतात, साधारण ६०-७० नॅनोमीटरच्या. साखरेचा रेणू एक नॅनोमीटरएवढा. त्याला काय, आरामात जातो. कायलोमायक्रॉन मात्र शंभर नॅनोमीटरपासून पाचशे नॅनोमीटरपर्यंत, जेवण तुपकट असेल तर त्याहूनही मोठा! गळिताच्या हंगामात उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली गावातल्या गल्लीत शिरते का? तिला बायपासनेच जावं लागतं. तुपाच्या या गोळीचंही तसंच. केशवाहिनीच्या गल्लीत तिला वाव नाही, म्हणून ती लॅक्टिअलच्या बायपासला लागते. लॅक्टिअलच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना सलग चिकटलेल्या नसतात, ठिकठिकाणी जोडलेल्या असतात आणि मध्ये फटी असतात. त्या फटींतून गोळी आत जाते.

गोळ्या आत शिरल्या की रसांकुरातले बारीक स्नायू आखडतात, सैल होतात, परत आखडतात. प्रत्येक वेळी लॅक्टिअलमधला द्रव पुढे ढकलला जातो. कोट्यवधी कायलोमायक्रॉनवर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे हा द्रव पांढराशुभ्र, दुधासारखा दिसतो.

दीड फुटाचा मार्ग

आतड्यातल्या या नळ्या एकमेकींना मिळत मिळत पोटाच्या मागच्या बाजूला, पाठीच्या कण्यापुढे येतात. तिथे एक फुगीर पिशवी असते. तिच्यातून निघणारी नळी कण्याच्या पुढून छातीत चढते. हिचं नाव वक्षवाहिनी. मोठ्या माणसात तिची लांबी ३८ ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण दीड फूट, आणि रुंदी काही मिलीमीटर. मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मागे, ही नळी मोठ्या शिरेत उघडते. तिथे शेंगापोळीवरचं तूप पहिल्यांदा रक्तात पडतं.

आता हात ठेवून बघा त्या जागेवर. डाव्या बाजूला, मानेच्या बुडाशी. सापडली? तिथेच!

आणखी एक गंमत. साखर आणि प्रथिनांचे तुकडे आतड्यातून निघाले की आधी यकृताकडे जातात. यकृत त्यांची छाननी करतं आणि मग पुढे सोडतं. तूप मात्र यकृताला वळसा घालून मानेतून हृदयात, तिथून फुप्फुसांत, परत हृदयात आणि मग अंगभर. स्नायूंपाशी आणि चरबीच्या साठ्यांपाशी आलं की तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं एक विकर गोळीतला मेद सोडवून घेतं. खेळत असाल तर तो स्नायूंत जळतो, नाहीतर साठवला जातो. एक ग्रॅम मेदातून नऊ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, एक ग्रॅम साखरेतून चारच. उरलेली रिकामी गोळी शेवटी यकृतात जाते.

तुपकट जेवणानंतर तीन-चार तासांनी हे काम अगदी जोरात चाललेलं असतं. त्या वेळी नळीत रक्त घेऊन ते गरगर फिरवलं, तर तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर राहिलेला पिवळसर भाग दुधाळ दिसतो. चरबीची तपासणी करायची असेल तेव्हा प्रयोगशाळेतले लोक “उपाशीपोटी या” असं पुष्कळदा का सांगतात, ते आता तुम्हीच सांगू शकाल.

लसीकेला रक्तासारखं हृदय नसतं, हे लक्षात ठेवा. मग दीड फूट चढण चढवतं कोण? नळीची भिंत स्वतः आखडते. तुम्ही श्वास घेता तेव्हा छातीतला दाब बदलतो. तुम्ही चालता, वाकता, पळता, तेव्हा दाब पडतो. आणि नळीत ठिकठिकाणी झडपा असतात, त्या द्रवाला मागे येऊ देत नाहीत. अशी दिवसाला दीड ते अडीच लीटर लसीका या वाटेने रक्तात परतते.

चारशे वर्षांपूर्वीची ती पांढरी रेघ

ही वाट पहिल्यांदा नीट ओळखली ती गास्पारे आसेल्ली या इटालियन डॉक्टरने. तारीख होती २३ जुलै १६२२. आसेल्ली आपल्या मित्रांना एका कुत्र्याच्या शरीरातले मज्जातंतू दाखवत होता. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, जिवंत प्राण्यावरच असे प्रयोग होत. आज तसं करायला परवानगी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. मज्जातंतू दाखवून झाल्यावर श्वासपटल बघायचं म्हणून त्याने आतडी बाजूला सारली. आणि पाहतो तर आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या बारीक रेघांचं जाळं! त्याला आधी वाटलं, हे मज्जातंतूच असणार. म्हणून त्याने एका रेघेला टोचून बघितलं. आतून पांढरा द्रव बाहेर आला. मज्जातंतूतून असा द्रव कशाला येईल?

पुढच्या कुत्र्यात मात्र एकही रेघ दिसेना. पहिल्या वेळी दिसलं ते काय होतं मग? आसेल्लीने विचार केला आणि त्याला आठवलं, पहिल्या कुत्र्याने थोड्या वेळापूर्वी भरपेट खाल्लं होतं. दुसरा उपाशी होता. त्याने पुन्हा खाऊ घालून बघितलं, तेव्हा पांढऱ्या रेघा हजर. रेघा आणि जेवण यांचा संबंध त्याने पकडला! बघा, आधी जे दिसलं ते नंतर दिसलं नाही, आणि ‘का दिसलं नाही’ हा प्रश्न त्याने सोडला नाही. शोध तिथेच लागला.

आसेल्लीचं पुस्तक १६२७ साली छापून आलं, त्याच्या मृत्यूनंतर. त्यात लाकडी ठशांनी छापलेली रंगीत चित्रं होती. शरीररचनेच्या पुस्तकात रंगीत छापलेली ही पहिलीच चित्रं मानतात. रक्त शरीरात गोल फिरतं हे १६२८ मध्ये सांगणाऱ्या विल्यम हार्वेला मात्र या पांढऱ्या नळ्यांचं म्हणणं कधी पटलं नाही. मोठ्या माणसांचंही असं होतं!

पण आसेल्लीचंही एक चुकलं. या नळ्या यकृताकडे जातात असं त्याला वाटलं. त्या मानेकडे जातात, हे १६५१ साली फ्रान्सच्या झां पेके याने छापून दाखवलं. पुढे १८४८ च्या सुमारास क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला सशात एक मजेशीर गोष्ट दिसली. सशात पित्ताची नळी आतड्यात आधी उघडते आणि स्वादुपिंडाची नळी बरीच पुढे. तुपकट खाणं दिल्यावर पांढऱ्या रेघा स्वादुपिंडाच्या नळीच्या पुढेच दिसल्या, तिच्या आधी नाही. त्यावरून स्वादुपिंडाचा रस मेद पचवतो हे त्याने ओळखलं.

कोंबडीचं वेगळं, खोबरेलाचं वेगळं

सगळ्या प्राण्यांत अशीच वाट असते का? अजिबात नाही. तुमच्या अंगणातल्या कोंबडीच्या आतड्यात लसीकावाहिन्यांचं असं भरीव जाळंच नसतं. तिच्या आतड्यात तयार झालेल्या मेदाच्या गोळ्या सरळ रक्तात जातात आणि आधी यकृताकडे पोहोचतात. बेडकाची तर आणखी वेगळी तऱ्हा: लसीका ढकलायला त्याच्याकडे चक्क छोटी हृदयं असतात!

आणि सगळ्या तेलातुपाचीही एकच वाट नसते. शेंगदाण्याच्या, करडईच्या तेलात मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात, बहुतेक १८ कार्बनच्या. या लॅक्टिअलमधूनच जातात. तुपात मात्र काही आखूड साखळ्याही असतात, खोबरेल तेलात त्यांचं प्रमाण आणखी जास्त. दहा कार्बनपर्यंतच्या अशा साखळ्यांना गोळीची गरज पडत नाही. त्या साखरेसारख्या सरळ रक्तात शिरतात आणि यकृताकडे निघतात. तुपाचा छोटासा हिस्सा असा गल्लीतूनही जातो म्हणायचा. ही बारीकशी गोष्ट डॉक्टरांच्या फार कामी येते, ते पुढे सांगतो.

आजीचं तेल आणि अंबाडी

तेलातुपासोबत या वाटेने आणखी काही प्रवासी जातात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळत नाहीत, मेदात विरघळतात. ती कायलोमायक्रॉनमध्ये बसून मानेकडे जातात. अंबाडीच्या भाजीत, म्हणजे कानडीतल्या पुंडी पल्ल्यात, गाजरात, शेवग्याच्या पाल्यात अ जीवनसत्त्व बनवणारं कॅरोटीन असतं. पण ताटात मेदच नसेल तर ते आतड्यातून पुरेसं आत येत नाही. म्हणून अंबाडीवर लसणाची फोडणी, चटणीत करडईचं कच्चं तेल, या गोष्टी चवीपुरत्या नसतात. आजीला कॅरोटीन हा शब्द ठाऊक नसेल, पण ताट तिचं बरोबर असतं.

लहान मुलांना सरकारी दवाखान्यात चमच्याने अ जीवनसत्त्वाचा घट्ट, पिवळा डोस देतात. तो तेलकट असतो, त्याचंही कारण हेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधनावरून देशभर हा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला.

वाट अडली तर?

आता एक गंभीर गोष्ट. ही वाट बंद पडू शकते, आणि तिला बंद पाडणारा प्राणी आपल्या भागातला आहे. कलबुरगी, बीदर, यादगीर हे जिल्हे हत्तीरोगाच्या यादीतले. महाराष्ट्राच्या बाजूचे सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेड हेही. हत्तीरोग म्हणजे पाय सुजून हत्तीसारखा होणं, एवढं तुम्ही ऐकलं असेल. तो होतो एका जंतामुळे. धाग्यासारखा बारीक असलेला हा जंत राहतो नेमका लसीकावाहिन्यांत. मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब असते आणि वर्षानुवर्षं जगते. जंतांमुळे नळ्या फुगतात, त्यांच्या झडपा बिघडतात, लसीका पुढे सरकत नाही. पायातली वाट बिघडली की पाय सुजतो.

आणि पोटातली बिघडली तर? काही थोड्या रुग्णांत आतड्यातून आलेली दुधाळ लसीका तुंबते, उलटी फिरते आणि मूत्रपिंडात झिरपते. मग लघवी दुधासारखी पांढरी होते, तुपकट जेवणानंतर तर जास्तच. जेवणातलं तूप आणि त्यासोबतची प्रथिनं अंगी लागण्याऐवजी वाहून जातात, माणूस खंगतो. अशा रुग्णाचं नेहमीचं तेलतूप डॉक्टर कमी करतात आणि आखूड साखळ्यांचं तेल देतात. का, ते आता तुम्हाला कळलं असेल: आखूड साखळ्यांना त्या बिघडलेल्या वाटेची गरजच नसते.

या जंताची पिल्लं भारतात पहिल्यांदा सापडली तीही अशाच दुधाळ लघवीत. कोलकात्यात काम करणारे डॉक्टर टिमोथी लुईस यांनी १८७० मध्ये ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दोन वर्षांनी त्यांना ती माणसाच्या रक्तातही सापडली. ही पिल्लं डासांच्या अंगात वाढतात, हे १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये शोधलं. आपल्याकडे हा डास आहे क्युलेक्स. तुंबलेली गटारं, सांडपाण्याची डबकी ही त्याची आवडती जागा. तो रात्री चावतो. आणि जंताची पिल्लंही रात्रीच बाहेरच्या रक्तात येतात! म्हणून रक्ताचे नमुने घ्यायला आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर फिरतात. एवढ्या रात्री का आले म्हणून त्यांच्यावर वैतागू नका. दिवसा आले तर पिल्लं सापडणारच नाहीत.

जंत अंगात शिरल्यावर सूज यायला कितीतरी वर्षं जाऊ शकतात. तोपर्यंत माणूस धडधाकट दिसतो, पण त्याच्या रक्तातली पिल्लं डासांमार्फत दुसऱ्यांकडे जात राहतात. म्हणून हत्तीरोगाच्या गोळ्या आजारी माणसांपुरत्या नसतात, गावातल्या सगळ्यांना देतात. डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोन औषधं, आणि काही ठिकाणी आयव्हरमेक्टिनसुद्धा. ही तिन्ही एकत्र देण्याची सुरुवात देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाली, त्यांत आपल्या शेजारचा यादगीर आणि महाराष्ट्रातला नागपूर होते. भारताने हा रोग २०२७ पर्यंत संपवायचं ठरवलं आहे.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या गावात गोळ्या वाटायला आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी आले, तर घरातल्या मोठ्यांना तुम्ही आठवण करा. गोळ्या काही खाल्ल्यावर घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. त्या कपाटात ठेवायच्या नाहीत, कर्मचाऱ्यांसमोरच गिळायच्या. दोन वर्षांच्या आतली बाळं, गरोदर बायका आणि फार आजारी माणसं यांना त्या देत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. नंतर थोडा ताप किंवा डोकेदुखी झाली तर घाबरू नका, ती बहुधा रक्तातली पिल्लं मरत असल्याची खूण असते. आशाताईंना मात्र सांगा. रात्री मच्छरदाणीत झोपा. आणि घरामागे सांडपाणी तुंबलं असेल तर या रविवारीच घरच्यांना सोबत घेऊन ते वाहतं करा.